पथ्यपाणी शिकायला एम.एस्सी. कशाला?

पदवीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामातल्या दोन-चार घरांत दरवर्षी एकच चर्चा चालते. मुलगी गृहविज्ञान किंवा जीवरसायन घेऊन बी.एस्सी. झालेली असते. आता तिला आहारशास्त्रात एम.एस्सी. करायचे असते. त्यासाठी दोन वर्षे शहरात राहावे लागणार, त्यातले काही महिने इस्पितळात राबावे लागणार आणि त्या राबण्याचा पगार बहुधा मिळणार नाही, एवढी माहिती तिने काढलेली असते. मग ओसरीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतो, "पथ्याचे जेवण शिकायला एम.एस्सी. कशाला? ते तर आजीलाही येते." सगळे हसतात, विषय तिथेच संपतो आणि पोरीचा अर्ज फडताळात पडून राहतो. हा विषय असा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे आमचे मत आहे.

आजीबद्दल आम्हांला पूर्ण आदर आहे. तापातून उठलेल्याला भाताची पेज, पोट बिघडले तर ताक आणि मीठ, बाळंतिणीला अळीव आणि हुलग्याचे कढण, हे तिचे शास्त्र अनुभवातून आलेले आहे आणि त्यातले पुष्कळसे आजच्या कसोटीलाही उतरते. पण आजीचे पथ्य आठ-पंधरा दिवसांच्या दुखण्यासाठी होते. ताप येई, जाई, माणूस पुन्हा नांगराला लागे. आता आपल्या घरांत जी दुखणी शिरली आहेत ती वीस-वीस वर्षे मुक्काम करणारी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे दहा कोटी दहा लाख भरते. देशाचे सरासरी प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि सर्वांत जास्त, २६.४ टक्के, आमच्या घाटाखालच्या गोव्यात निघाले. गोवा आपल्याला परका नाही. बेळगाव-खानापूरची भाजी रोज पहाटे तिथेच उतरते, आपल्या लेकी तिथे दिलेल्या आहेत, आणि सणाला आपण एकाच ताटात जेवतो. तिथले दुखणे घाट चढून येणार नाही असे समजण्यात अर्थ नाही, कारण ते केव्हाच आलेले आहे.

आणि ते एकटे येत नाही. साठीला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला साखर असते, तिच्या मागोमाग रक्तदाब येतो आणि दहा-बारा वर्षांनी मूत्रपिंडे थकू लागतात. आता त्याला खायला काय द्यावे? साखरेसाठी कुणी सांगतो भात सोडा, डाळी-कडधान्ये वाढवा, पालेभाजी भरपूर खा. मूत्रपिंडासाठी दुसरा सांगतो डाळ मोजून खा, पालेभाजी आणि टोमॅटो जपून, केळे नको. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे असते आणि घरात तर वर्षाचे लोणचे, पापड, सांडगे आणि खारवलेला बांगडा भरून ठेवलेला असतो. शेजारीण प्रेमाने शहाळे घेऊन येते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. चांगल्या मूत्रपिंडाला त्याचे काही वाटत नाही, पण निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात साठलेले पोटॅशियम हृदयाचा ठोका चुकवते. अंगणातले कमरख तर अशा रोग्याला विषासारखे ठरते. त्यातला एक घटक थेट मेंदूवर परिणाम करतो. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. ही गोष्ट आजीला ठाऊक असण्याचे कारणच नाही. तिच्या काळी मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षे जगत नव्हता.

डॉक्टर हे सांगतील, असे आपण म्हणतो. डॉक्टरांच्या दाराशी किती माणसे बसलेली असतात ते आपण पाहतो. त्यांना एका रोग्यासाठी तीन-चार मिनिटे मिळतात. त्यात तपासणे, चिठ्ठी लिहिणे आणि "भात बंद, गोड बंद" एवढेच सांगणे होते. ज्याच्या घरात सकाळ-संध्याकाळ भाताशिवाय दुसरे काही शिजत नाही, त्याला "भात बंद" म्हणजे काय सांगितले? तो चार दिवस उपाशी राहतो आणि पाचव्या दिवशी सगळे पथ्य सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण गोळी सकाळी नेमाने घेतात, न्याहारी मात्र पथ्य म्हणून टाळतात आणि तसेच चिखलणीला उतरतात. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसताना आणि अंगमेहनत चालू असताना त्या साखर धोक्याच्या खाली नेतात. माणूस बांधावर घामाघूम होऊन कोसळतो आणि लोक म्हणतात, ऊन लागले. त्याला तोंडात घालायला दोन-तीन चमचे साखर किंवा गुळाचा खडा खिशात ठेवायला कुणी सांगितलेलेच नसते. गोळीची वेळ, भाकरीची वेळ आणि औताची वेळ एकमेकांशी जुळवून देणे हे आहारतज्ज्ञाचे काम आहे. त्याला शिक्षण लागते.

हे शास्त्र आकाशातून पडलेले नाही. त्याची एक मोठी शाखा भाताच्या गिरणीतूनच निघालेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्टियान आइकमन नावाच्या डच डॉक्टरांनी पाहिले की पांढरा सडलेला भात खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसांचा बेरीबेरी हा रोगही त्याच जातीचा होता. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या देशात याच बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला एका खोलीत काम सुरू केले. तेच काम वाढत वाढत १९५८ साली हैद्राबादला गेले आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय अन्नपदार्थांत काय किती आहे याचे कोष्टक तिथेच तयार झाले. २०१७ सालच्या आवृत्तीत ५२८ पदार्थ आहेत. गोव्यात आणि आपल्याकडे काही घरांत अजून उकडा तांदूळ खातात, त्याला नव्या सुना नाके मुरडतात. पण भात उकडताना सालीजवळचे जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि मग गिरणीत सडले तरी ते सगळे कोंड्याबरोबर जात नाही. ज्यांच्याकडे उकडा होता त्यांच्याकडे बेरीबेरी कमी होता. बापजाद्यांनी केले ते का बरोबर होते हे ज्याला समजते तोच त्यांचे कुठे सोडावे हेही सांगू शकतो.

नाचण्याचेच पाहा. शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो. पांढऱ्या तांदळात तो दहाच्या आत-बाहेर असतो. हे वाचून अलीकडे शहरांत नाचण्याची मोठी चलती आहे आणि आपल्याकडच्या मधुमेही मंडळींनाही वाटू लागले आहे की नाचणा म्हणजे औषध, कितीही खावा. नाचण्यातही पिठूळ भाग भरपूर आहे. त्याची एक भाकरी आमटीभाजीबरोबर चावून खाल्ली तर साखर बेताने चढते. त्याच पिठाची पातळ आंबील दोन तांबे प्यायली तर ती भराभर चढते. आपल्या भागातले रताळेही तसेच. मधुमेह्याला ते सर्वस्वी वर्ज्य नाही, भाताऐवजी मोजून चालते. मात्र मूत्रपिंडाच्या रोग्याला तेच रताळे सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून आणि ते पाणी फेकूनच द्यावे लागते, आणि तेही आहारतज्ज्ञाने परवानगी दिली तर. पदार्थ एकच असला तरी माणूस बदलला की उत्तर बदलते. या बदलाचा हिशेब शिकण्यासाठी दोन वर्षे लागतात.

त्या दोन वर्षांत काय होते ते आता पाहू, कारण पालकांना वाटते की मुली तिथे केक आणि सूप करायला शिकतात. पहिल्या वर्षी शरीरक्रिया, पोषणाचे जीवरसायन, रोगांतला आहार, लोकसमूहाचे पोषण, मोठ्या स्वयंपाकघराचे व्यवस्थापन आणि संख्याशास्त्र हे विषय साधारणपणे असतात. पुढे एक प्रबंध लिहावा लागतो. पुस्तकी भाग इथे संपतो. खरी परीक्षा इस्पितळात होते, ज्याला इंटर्नशिप म्हणतात. सकाळी सातला स्वयंपाकघरात हजर व्हायचे. कोणत्या खाटेला कमी मिठाचे, कोणाला पातळ, कोणाला नळीतून, हे पाटीशी ताडून पाहायचे. मग वॉर्डात जायचे, रोग्याचे वजन-उंची घ्यायची. जो उठू शकत नाही त्याच्या दंडाचा घेर फितीने मोजायचा. रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन, पोटॅशियम, तीन महिन्यांची सरासरी साखर पाहायची. "काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्ले" हे विचारून लिहून घ्यायचे. वाचताना हा शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा वाटेल, पण तो सर्वांत अवघड आहे, कारण रोगी खरे सांगत नाही, कधी लाजेने आणि कधी सून जवळ उभी आहे म्हणून.

मग अतिदक्षता विभाग येतो. तिथे शुद्धीवर नसलेल्या माणसाला नाकातल्या नळीतून अन्न जाते. दर किलो वजनामागे किती उष्मांक, किती प्रथिने, तासाला किती मिलिलिटर, हे सगळे हिशेबाने ठरते. उपासमार झालेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न देणे हे पुण्य नसून घात असू शकतो, ही गोष्ट तिथे शिकवली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या काही कैद्यांना दयेपोटी पोटभर खायला दिले गेले आणि ते त्यानेच दगावले. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात अन्न एकदम शिरले की रक्तातले फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्याने खाली जातात आणि हृदय बंद पडू शकते. दारूच्या पायी महिनोन्‌महिने धड न जेवलेला माणूस आपल्या गावांतूनही इस्पितळात जातो; त्याला ग्लुकोज चढवण्याआधी थायामिन द्यावे लागते. कुपोषित मुलांचेही तसेच. ज्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरतो त्याला अतितीव्र कुपोषित मानतात. अशा मुलाची प्रकृती गुंतागुंतीची असली तर पोषण पुनर्वसन केंद्रात त्याला आधी शंभर मिलिलिटरला ७५ उष्मांकांचे दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा देतात; ते पचू लागले की मग १०० उष्मांकांचे. रात्री दोन वाजता उठून ते दूध मोजणाऱ्या मुलीला कुणी "स्वयंपाक शिकते" म्हणू नये.

हे सारे वाचून कुणाला वाटेल की आपल्या श्रद्धेचा याच्याशी काय संबंध? संत मार्कच्या शुभवर्तमानात याईराची बारा वर्षांची मुलगी प्रभू येशूने उठवली तो प्रसंग आठवा. आजूबाजूची माणसे आश्चर्याने थक्क झाली होती. अशा वेळी प्रभूने त्यांना त्या मुलीला काहीतरी खायला देण्यास सांगितले. चमत्कार झाल्यावरही जेवण लागतेच. जुन्या करारात दानिएल आणि त्याचे सोबती राजाच्या ताटाऐवजी दहा दिवस भाजीपाला आणि पाणी घेतात आणि मग दोन्ही गटांचे चेहरे ताडून पाहा असे कारभाऱ्याला सांगतात. आजचे संशोधक आहाराची चाचणी घेतात ती याहून फारशी वेगळी नाही. फक्त चेहऱ्याऐवजी रक्त पाहतात.

आणि "बायकांना इतके शिकायचे कशाला" हा प्रश्न आपल्या धर्मसभेत नवा नाही. सिस्टर मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियातल्या शिकलेल्या डॉक्टर १९२० साली आंध्रातल्या गुंटूरला आल्या. संन्यासिनीने वैद्यकी करावी की नाही हाच त्या काळी वादाचा विषय होता. त्यांना त्यासाठी खुद्द पोपमहोदयांची परवानगी घ्यावी लागली. त्यांनीच १९४३ साली कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना उभी केली. आज आपल्या मिशन दवाखान्यांत डॉक्टर सिस्टर दिसली तर कुणी वळूनही पाहत नाही. आहारतज्ज्ञ सिस्टर किंवा आहारतज्ज्ञ लेक मात्र अजून विरळा. मुलगेही हा अभ्यास करू शकतात, हे इथे सांगून ठेवतो. इस्पितळाच्या नोकरीत पुरुष आहारतज्ज्ञ दिसू लागले आहेत आणि त्यांना कुणी "स्वयंपाकी" म्हणत नाही, ही त्यातली गंमत आहे.

धर्मग्रामात याचा उपयोग कुठे होईल याचे एक उदाहरण देतो. प्रायश्चित्तकाळ आला की इन्सुलिन घेणाऱ्या आज्या राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी हट्टाने उपवास धरतात. धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे, आणि आजाऱ्याला त्यातून मोकळीक आहे. फादर हे व्यासपीठावरून सांगतात, आज्या ऐकून घेतात आणि उपवास करतातच. तिथे जर आपल्यातलीच एखादी पोर शेजारी बसून म्हणाली, "आजी, सुई टोचून उपाशी राहिलीस तर दुपारपर्यंत आडवी होशील, त्याऐवजी तू चाळीस दिवस लोणचे सोड, तोही त्यागच आहे," तर ते ऐकले जाईल. कारण लोणच्याचे मोल ती पोर जाणते आणि आजीही जाणते.

आता पैशाचे बोलू. इथे आम्ही गोड बोलणार नाही. फी आहे, वसतिगृह आहे, मेस आहे. इंटर्नशिपमध्ये पुष्कळ ठिकाणी विद्यावेतन नसते, काही ठिकाणी उलट विद्यार्थिनीकडूनच शुल्क घेतात. शिकून बाहेर पडल्यावर पहिल्या नोकरीचा पगार परिचारिकेपेक्षाही कमी निघाल्याची तक्रार आमच्या कानांवर आली आहे, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते आणि फीची तारीख मात्र एकच असते. तरीही आम्ही म्हणतो की हा खर्च करण्याजोगा आहे. ज्या घरात लग्नाच्या रोसला, बँडला आणि मांडवाला कर्ज काढताना कुणाचा हात थरथरत नाही, त्या घराने या दोन वर्षांच्या फीला "झेपत नाही" म्हणताना निदान दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

मात्र पैसे भरण्यापूर्वी डोळे उघडे ठेवावेत. या विद्येच्या नावाने आज मोठा बाजार भरलेला आहे. सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र घेऊन माणसे स्वतःला पोषणतज्ज्ञ म्हणवतात, डब्यातली पावडर विकतात आणि किडनीच्या रोग्याला ती घ्यायला लावतात. इंग्लंडात डाएटिशियन ही पदवी कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसलेल्याने ती लावली तर गुन्हा होतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली, आणि तिथल्या शिक्षणक्रमात देखरेखीखाली किमान एक हजार तास प्रत्यक्ष काम करावे लागते. आपल्याकडे १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन पदव्युत्तर शिक्षण आणि ठराविक मुदतीची इंटर्नशिप झालेल्यांची परीक्षा घेऊन 'रजिस्टर्ड डाएटिशियन' म्हणून नोंद करते. २०२१ सालच्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यानेही आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान दिले आहे. कायदा कागदावर आला म्हणून बाजार बंद झाला असे नाही. तेव्हा पालकांनीच चौकशी केली पाहिजे.

ती चौकशी महाविद्यालयाच्या इमारतीची करू नये. विचारावे ते असे: इंटर्नशिप कोणत्या इस्पितळात, किती महिने, किती खाटांचे? तिथे डायलिसिस, अतिदक्षता आणि बालरोग हे विभाग आहेत का, आणि विद्यार्थिनीला तिथे जाऊ देतात की नुसते ताटे मोजायला लावतात? तिच्यावर देखरेख करणारी आहारतज्ज्ञ नोंदणीकृत आहे का? गेल्या वर्षीच्या दोन मुलींशी बोलायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नाला जे कार्यालय टाळाटाळ करते तिथे पैसे भरू नयेत. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. सगळ्याच पोषणाच्या पदव्या इस्पितळासाठी नसतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाची जी शाखा आहे, तिथला अन्न व पोषणाचा अभ्यास शेतकऱ्याच्या घराला फार जवळचा आहे. धान्य, प्रक्रिया, गावाचे पोषण याकडे ज्या मुलीचा ओढा आहे तिने तिकडे जरूर पाहावे. इस्पितळात काम करायचे असेल तर मात्र इंटर्नशिपसह क्लिनिकल आहारशास्त्रच हवे. वडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची जी शाखा उभी राहिली ती आजही नावाजलेली आहे; मुंबईत कर्व्यांच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात आणि सिस्टरांच्या निर्मला निकेतनमध्ये हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो. हे ठरवायची वेळ पदवीनंतर येत नाही, पी.यू.सी.लाच येते; तिथे विज्ञान घेतले नाही तर पुढे पुष्कळ दारे बंद होतात.

आमची तक्रार इस्पितळांबद्दलही आहे. एका मोठ्या खासगी इस्पितळातून घरी पाठवलेल्या आपल्याच एका शेतकऱ्याच्या हाती छापील आहारपत्रक दिले होते. त्यात सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल. त्या माणसाच्या घरी शेंगदाण्याचे तेल, दारात शेवग्याचे झाड आणि कणगीत जोंधळा. तो पत्रक घेऊन आला आणि म्हणाला, "हे पीक कुठल्या हंगामात येते?" त्या पत्रकाला दोष देऊन उपयोग नाही. ते लिहिणारी शहरात वाढली. तिला चिखलणी, मळणी, सुगी यांतला फरक ठाऊक नाही, मळणीच्या दिवशी माणूस किती खातो आणि शिमग्यानंतर काम नसताना किती, हे तिला कुणी शिकवले नाही. आपल्या मुलींनी हा अभ्यास करावा असा आमचा आग्रह आहे तो याचसाठी. बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर कन्नड बोलणारा असतो, दुसरीवर कोकणी, तिसरीवर कोल्हापूरकडचा मराठी. आपल्या पोरींना तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींत भाकरीची चवही कळते. असे भांडवल शहरातल्या मुलींकडे नसते.

धर्मग्रामाने काय करावे? वेगळा फंड, समिती, अध्यक्ष, चिटणीस असले काही नको. त्यातच वर्ष निघून जाते. नव्या कणसांच्या आशीर्वादाच्या दिवशी जी दक्षिणा जमते तिचा एक वाटा इंटर्नशिपमध्ये असलेल्या विद्यार्थिनीच्या बसभाड्याला आणि खोलीभाड्याला दिला तर कुणाची हरकत असू नये. शहरातल्या कॉन्व्हेंटांत रिकाम्या खोल्या आहेत. सिस्टरांनी सहा महिन्यांसाठी एकेक खोली बेताच्या भाड्याने दिली तर पालकांची अर्धी चिंता मिटेल, कारण त्यांना खर्चाइतकीच मुलीच्या राहण्याची काळजी असते. आणि आपल्या मिशन दवाखान्यांनी अशा विद्यार्थिनींना सुटीत पंधरा दिवस बोलावून मधुमेहाच्या रोग्यांशी बोलू द्यावे. मोठ्या इस्पितळात ती उपचार शिकेल, पण रोगी घरी गेल्यावर काय करतो हे तिला दवाखान्याच्या पडवीतच कळेल.

ज्या मुली येत्या जून-जुलैत प्रवेश घेणार आहेत त्यांना सुटीत करण्यासारखे एक काम सुचवतो. घरातला वजनकाटा आणि एक वही घ्यावी. आपल्या घरच्या वाटीत शिजलेला भात किती ग्रॅम मावतो, आई एका भाकरीला किती पीठ घेते, आमटीच्या पळीत डाळ किती आणि पाणी किती, मिसळणाच्या डब्यातल्या एका चमच्यात मीठ किती बसते, हे मोजून लिहावे. मग शेजारच्या दोन घरी जाऊन तेच करावे, एक घर जमिनीवाल्याचे आणि एक मजुराचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. घरात महिन्याला मिठाची किती पाकिटे संपतात आणि खाणारी तोंडे किती, एवढा भागाकार केला तरी वहीचे पहिले पान भरेल. आजीला मुठीने मोजायला सांगावे आणि तिची मूठ काट्यावर तोलून पाहावी.